नवं फोटोशॉप टाकताना ॲक्शन आणि ब्रश हरवतात, ते या चुकांमुळे

दर लग्नसराईच्या तोंडावर मला तोच फोन येतो: "दादा, नवं फोटोशॉप टाकलं, माझ्या ॲक्शन कुठे गेल्या?" आणि बहुतेक वेळा तोवर जुनं मशीन फॉरमॅट झालेलं असतं. (ॲक्शन म्हणजे एकदा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा चालवायची कामांची साखळी.)

सगळ्यात महागात पडते ती चुकीचं फोल्डर उचलण्याची चूक. प्रोग्रॅम फाइल्समध्ये फोटोशॉपच्या आत 'प्रीसेट्स' असं फोल्डर दिसतं आणि नाव वाचून लोक तेच पेनड्राइव्हवर घेतात. त्यात मुख्यतः फोटोशॉपसोबत आलेला माल असतो. आपण पॅनेलमध्ये बनवलेलं विंडोजमध्ये ॲपडेटाच्या 'रोमिंग'मध्ये, त्या त्या आवृत्तीच्या सेटिंग्ज फोल्डरात राहतं. ॲपडेटा मुळातच लपवलेलं असतं, म्हणून कुणाच्या नजरेस पडत नाही.

मी ज्या स्टुडिओत अल्बम लावायचो, तिथे हेच झालं. नवा पीसी आला, ऑपरेटरने ते फोल्डर कॉपी केलं आणि दुपारपर्यंत जुनी डिस्क साफ केली. संध्याकाळी ॲक्शन पॅनेल उघडलं तर फक्त 'डिफॉल्ट ॲक्शन्स'. स्किन, हळदीच्या फोटोंचा पिवळेपणा उतरवणं, बारा बाय छत्तीसचं पान, सगळं गेलं. वाचवलं ते लेयरसकट ठेवलेल्या जुन्या पीएसडींनी, म्हणजे फोटोशॉपच्या मूळ फाइल्सनी. लेयर स्टाइल त्यांतून परत काढल्या, कर्व्ह्जचे आकडे बघून ॲक्शन पुन्हा रेकॉर्ड केल्या. चार रात्री गेल्या, ब्रश मात्र मिळाले नाहीत. पोरगा कामाचा होता, पण दहा मिनिटं थांबून नवं उघडून बघायला हवं होतं. ही घाई मला आजही सहन होत नाही.

तेव्हापासून मी फोल्डरच्या भरवशावर राहत नाही. नवी ॲक्शन बनली की त्याच दिवशी सेव्ह करून एटीएन फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर. 'सेव्ह ॲक्शन्स' पुसट दिसतंय अशी तक्रार असते, कारण सुटी ॲक्शन निवडलेली असते. वरचा सेट निवडा. ब्रशचंही तसंच, ग्रुप निवडून एबीआर फाइल काढा.

दुसरी चूक: दिवसभर ॲक्शन रेकॉर्ड करायच्या आणि फोटोशॉप बंदच करायचं नाही. पॅनेलमधल्या ॲक्शन डिस्कवर लिहिल्या जातात त्या प्रोग्रॅम नीट बंद होताना. मध्येच लाइट गेली की त्या दिवसाच्या ॲक्शन गेल्या. जेवायला उठताना मी एकदा बंद करून उघडतो.

जुन्या आवृत्तीतले ब्रश, ॲक्शन वगैरे प्रीसेट नव्यात आणायची 'मायग्रेट प्रीसेट्स' ही सोय त्याच मशीनवर जुनी आवृत्ती असेल तरच कामाची.

ॲक्शन आली पण मध्येच अडते? ती एखादा पॅटर्न, फॉन्ट किंवा लेयर नावाने शोधत असते. तेही सोबत न्या.

लाइटरूमवाल्यांनी एवढं बघावं: लाइटरूम क्लासिकच्या एप्रिल 2018 मधल्या 7.3 आवृत्तीपासून डेव्हलप प्रीसेट (फोटोच्या रंग-उजेडाच्या साठवलेल्या सेटिंग्ज) एक्सएमपी फाइलीत आले. जुने एलआरटेम्प्लेट फाइल कॉपी करून नव्हे, इम्पोर्ट करून घ्या. काही दिसत नसतील तर प्रेफरन्सेसमध्ये अंशतः जुळणारे प्रीसेट दाखवायची खूण करा.

आणि अपडेट करताना 'जुन्या आवृत्त्या काढा' ही खूण आधी उठवा. नव्यावर एक अख्खा अल्बम छापून हातात येईपर्यंत मी जुनं फोटोशॉप काढत नाही.