घरची जुनी पद्मिनी रेससाठी उभी करताय? आधी पत्रा बघा

आजोबांची प्रीमियर पद्मिनी शेडमध्ये उभी असली की घरात सगळ्यांना आधी इंजिनच सुरू करून बघायचं असतं, पण गोव्यात तसं करू नका, इथे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असल्यामुळे गाडीचं आयुष्य पत्र्यावर ठरतं. या गाडीला वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चॅसिस, म्हणजे दाराखालचे सिल (पत्र्याचे पोकळ उंबरे) किंवा मागच्या स्प्रिंग-पाट्यांचे माउंटिंग सडले असतील तर इंजिन कितीही भारी बांधा, काही उपयोग नाही.

त्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवा. गाडी रोडवर फिरवायची की रेसलाच न्यायची? 2021 च्या नियमांत 50 वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते, पण बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. रोल केज (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा आतला पाइपांचा पिंजरा) टाकली, आतलं सगळं उतरवलं की ती गाडी ट्रेलरवरून न्यायची असंच धरून चला. गाडी एकदम ओरिजिनल राहिली असेल तर माझं स्पष्ट मत, तिला कापू नका, रेससाठी दुसरी सडकी बॉडी शोधा.

आता पत्रा. सीट, मॅट सगळं काढा, स्क्रूड्रायव्हरने टोचत जा, बॅटरीखाली आणि फ्लोअरच्या कोपऱ्यांत जास्त. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून घ्या आणि कर्णाची मापं वहीत लिहा, हे राहिलं तर बॉडी वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. वेल्डिंग सीओटूवरच (गॅसच्या आवरणातलं वेल्डिंग) करा. पुट्टीने भोक बुजवून देतो म्हणणाऱ्या टिंकरला नमस्कार करून परत या. जोड झाले की झिंक प्रायमर मारा आणि सिलच्या आत वॅक्स सोडा. पेंटचं काम पावसात अजिबात नको, चवथीनंतर हवा कोरडी झाली की घ्या. पावसाळ्यात आत बसून कार्बोरेटर, वायरिंग, डायनॅमो असली कामं करायची.

मग ब्रेक. चारही ड्रम उघडा, व्हील सिलिंडर आणि रबरी होज नवे टाका, ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं म्हणून दरवर्षी बदला. पेट्रोलचे जुने पाइप आणि पंपाचा डायफ्रामपण बदला, इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर खराब होतं आणि गळती झाली की सरळ आगीचा धोका.

इंजिन शेवटी. 1089 सीसी, साधं आणि प्रामाणिक मशीन. कॉम्प्रेशन तपासा, एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात थोडं ऑइल घालून पुन्हा बघा, वाढलं तर पिस्टनच्या रिंग गेल्यात, तसंच राहिलं तर बहुतेक व्हाल्व्ह. सिलिंडर बोअरिंगला (आतून घासून मोठे करायला) देण्याआधी नव्या पिस्टनचे साइज हातात असू द्या.

घरातल्या मुलांना नटबोल्ट डब्यांत घालून चिठ्ठ्या लावायचं आणि प्रत्येक पार्ट काढताना फोटो घ्यायचं काम द्या, काम वर्षानुवर्षं चालतं आणि कुठला वॉशर कुठे होता ते कुणालाच आठवत नाही. बाबा-काकांना जे माहीत आहे ते त्याच वहीत लिहून घ्या, आत्ताच.

केज, बेल्ट, एक्स्टिंग्विशर हे एफएमएससीआयचे (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) चालू नियम वाचूनच घ्या. गोव्यात कायमचा ट्रॅक नाही, कोईम्बतूरच्या कारी ट्रॅकला किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला जावं लागतं, म्हणून इथेच रनिंग-इन करा (नवं बांधलेलं इंजिन आधी हळू चालवून बसवा), गरम ऑइल काढून नवं घाला, हेडचे नट आणि चाकांचे नट पुन्हा टाइट करा, आणि मगच ट्रेलर बुक करा.