शिलालेख, वीरगळ, शिवराई : फोटो कापताना या चुका टाळा

जुन्या दगडांचे फोटो वाचायला पाठवणाऱ्यांचा उत्साह दांडगा असतो. खोड एकच, पाठवण्याआधी फोटो 'नीटनेटका' करायचा. कडा कापायच्या, फिल्टर मारायचा आणि वर 'जरा लवकर सांगा' आहेच.

सगळ्यात महागात पडतं ते फक्त अक्षरांपुरतं क्रॉप करणं. गद्धेगळ हा दानाचा दगडच घ्या. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढव आणि बाईचं शिल्प, म्हणजे दान मोडणाऱ्याला दगडात कोरलेली शिवी. ते 'अश्लील दिसतं' म्हणून उडवलं की हा दानाचा लेख आहे हे सांगणारी सोपी खूणच गेली.

एका गावातून असाच फोटो आला. दगड जरा कललेला होता, म्हणून त्या उत्साही भल्या माणसाने फोनमध्ये फोटो फिरवून सरळ केला. फोटो फिरवला की फोन कोपरे खातो, हे कोण बघतंय! ओळीच्या शेवटी शकाचे '११' एवढेच आकडे, पुढचे दोन फ्रेमबाहेर. खालच्या ओळीत 'विभव संवत्सरे' मात्र ठसठशीत. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं, त्यामुळे शके ११३० विभव आणि शके ११९० पण विभवच. साठ वर्षांत राजा बदलतो हो! मूळ फोटो मागितला, तर 'मेमरी फुल झाली म्हणून डिलीट केला'. पुन्हा जाऊन काढा म्हटलं, तर तोवर जीर्णोद्धार उरकून दगडाला ऑइलपेंट फासलेला.

म्हणून मी आधी अख्खा दगड घेतो, चारी बाजूंना हातभर जमीन दिसेल असा. मग वरून खाली तुकड्यातुकड्याने, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोतली एक ओळ पुन्हा येईल असं. कापाकापी करायचीच तर कॉपीवर. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरांचा लगदा होतो.

वीरगळाचे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेचे, सगळे टप्पे घ्या. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे. नुसतं वरचं शिवलिंग टिपलंत, तर तो इतर कुठल्याही वीरगळासारखाच दिसेल. खालचा भाग मातीत असेल तर उकरू नका.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, गोल साच्यात बसवणारी ॲप्स मला अजिबात आवडत नाहीत. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. पण ठसा पुष्कळदा नाण्याबाहेर गेलेला असतो. मग काठावरचे अर्धे ठिपके आणि अक्षराचं उरलेलं टोक यांवरूनच प्रकार ओळखायचा, आणि ॲप नेमकं तेच कापतं. चौकोनी फोटो, भोवती मोकळी जागा, शेजारी पट्टी. पट्टी नाण्याच्या पृष्ठभागाच्या उंचीला हवी, खाली टेबलावर नको.

मोडी कागदाला स्कॅनर ॲप लावू नका. ते फाटकी कड कापतं आणि फिकट शिक्का पांढरा करून टाकतं. पाठीमागची बाजूही घ्या, कोरी वाटली तरी.

वाइड लेन्सने जवळून काढलेला दगड पोट सुटल्यासारखा दिसतो. दोन पावलं मागे जा.

समोरून फ्लॅश नको. आणि अक्षरं उठावीत म्हणून खडू, पीठ, हळद तर मुळीच चोळू नका. टॉर्च बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून तिरका धरा. दोन हात पुरत नाहीत, सोबत कुणालातरी न्या.