कॅमेऱ्याचं चित्र दिसतं, आवाज मात्र येत नाही?

नेटवर्क कॅमेरा पाहायला कंपनीचंच ॲप लागतं असं नाही. बहुतेक कॅमेरे आरटीएसपीवर (नेटवर्कवरून थेट व्हिडिओ पाहायची पद्धत) स्ट्रीम देतात, पोर्ट (जोडणीचा क्रमांक) सहसा ५५४. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ उघडून कॅमेऱ्याचा पत्ता टाका. पोर्टनंतरचा भाग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये पाहा.

पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल, तर त्यात @ आहे का बघा. पत्त्यात आधी युजरनेम-पासवर्ड लिहितात आणि @ च्या पुढचा भाग कॅमेऱ्याचा आयपी (नेटवर्कवरचा क्रमांक) धरला जातो, म्हणून पासवर्डातल्या @ च्या जागी %४० लिहायचं (आकडे इंग्रजी). यात माझी अख्खी संध्याकाळ गेली होती.

आता आवाज. माइक असला तरी अनेक कॅमेऱ्यांत ऑडिओ मुळातच बंद असतो. सेटिंग्जमध्ये तो चालू करा, आणि मेन स्ट्रीम (जास्त स्पष्ट चित्राची) व सब स्ट्रीम (हलकी) दोन्हींसाठी तपासा. एकीवर चालू, दुसरीवर बंद असं सर्रास आढळतं. चित्र फाटत असेल तर व्हीएलसीत यूडीपीऐवजी टीसीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) निवडा.

बाहेरून पाहायचं असेल तर राउटरवर ५५४ पोर्ट इंटरनेटसाठी उघडू नका, कळकळीनं सांगतो. व्हीपीएन (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) वापरा.