अंत्यविधी ठरवताना: आधी काय, नंतर काय

घरात माणूस गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती वाजता न्यायचं?" त्याआधी विचारायला हवं ते नेत्रदानाचं आणि देहदानाचं. नेत्रदानाला साधारण सहा तासच मिळतात, देहदानालाही फार वेळ नसतो.

नेत्रदान करायचं असेल तर पंखा बंद करा, वाऱ्याने बुबुळ सुकतं. पापण्या मिटून वर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि नेत्रपेढीला फोन करा. पथक घरी येतं, अर्ध्या तासात काम होतं, चेहरा बिघडत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं.

देहदानात गफलत होते ती हयातीत भरायच्या अर्जापायी. अर्ज भरलेला असूनही वारस नको म्हणाले तर दान अडतं. अर्ज नसला तरी वारसांच्या संमतीने होऊ शकतं. निघण्याआधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला फोन करा. शवविच्छेदन झालेला किंवा एचआयव्ही, हिपॅटायटिस बी असलेला देह सहसा नाकारतात, म्हणून दहनाची तयारीही मनात ठेवा. अस्थी मिळणार नाहीत, हे घरातल्या थोरांना आधीच सांगा.

मग कागद. घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या (नमुना ४अ, रुग्णालयात नमुना ४). त्यावरचं नाव आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर जुळवा, नाहीतर बँक आणि विम्याच्या कामात महिनोन्‌महिने खेटे पडतात. अपघात, विषबाधा किंवा संशय असेल तर आधी पोलीस. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते.

दहन लाकडावर करायचं तर साधारण ३०० किलो लाकूड लागतं. पावसाळ्यात ते ओलं असतं, चिता नीट पेटत नाही. अस्थी सावडायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जावं लागतं. विद्युत किंवा गॅस दाहिनीत दीड-दोन तासांत आटोपतं, अस्थी बहुधा त्याच दिवशी हातात येतात. घरात लाकडाचा कुणाचा हट्ट नसेल तर दाहिनीच बरी. मडकं फोडणं, पाणी देणं हे बाहेर होतंच, कापूर लावून अग्नीही देता येतो.

पेसमेकर मात्र डॉक्टरांकडून काढून घ्या, उष्णतेने बॅटरी फुटते. दाहिनीत नायलॉनची साडी, प्लॅस्टिकचे हार, नारळ जाऊ देऊ नका. दागिने घरीच उतरवा, स्मशानात नाही.

लिंगायतांत, तसंच तान्ह्या मुलांसाठी दफनाची रीत आहे. तिथे समाजाच्या दफनभूमीत जागा आहे का, एवढंच आधी विचारा.

परदेशातून मुलं यायची असतील तर थंड शवपेटी भाड्याने मिळते. नेत्रदान मात्र त्याआधी.

स्मरणाची घाई नको. दहावा, तेरावा, शोकसभा यांतलं काय करायचं ते चौथ्या दिवशी ठरवलं तरी चालतं. राखेवर झाड लावायचं असेल तर ओंजळभर राख दोन घमेली मातीत कालवा. नुसती राख खड्ड्यात ओतली की तिच्यातल्या क्षारांनी रोप जळतं.