स्पर्शिकांवरून बिंदुपथ: त₁ आणि त₂ सुटे शोधू नका

बिंदुपथाचं (म्हणजे दिलेल्या अटीत सरकणारा बिंदू कोणत्या वक्रावर राहतो ते शोधायचं) गणित समोर आलं की मी आधी फक्त मोजतो: प्राचल (बिंदूची जागा ठरवणारी बदलती राशी, उदा. त) किती, अटी किती? वक्रावर सरकणारा प्रत्येक बिंदू म्हणजे एक प्राचल. दोन स्पर्शिका असतील तर दोन. ज्याचा पथ हवा त्या बिंदूला (प, फ) म्हटलं की दोन समीकरणं मिळतात. प्राचल एकच असेल तर तेवढ्यात भागतं. दोन असतील तर तिसरं समीकरण लागतंच, आणि ते प्रश्नातल्या अटीत दडलेलं असतं. सापडत नसेल तर प्रश्न पुन्हा वाचायचा, आकडेमोडीला हात लावायचा नाही.

अन्वस्त (पॅराबोला) घेऊ: य² = ४अ·क्ष, अ धन. त्यावरचा बिंदू क्ष = अ·त², य = २अ·त. दोन्हींचं त-सापेक्ष अवकलन २अ·त आणि २अ. दुसऱ्याला पहिल्याने भागा, चढ १/त. म्हणून स्पर्शिका

त·य = क्ष + अ·त²

हे पाठ असलं तरी एकदा स्वतः काढा. उद्या सायक्लॉइड (घरंगळणाऱ्या चाकाच्या कडेवरच्या बिंदूचा वक्र) आला तर पाठांतर उपयोगी पडणार नाही, ही रीत पडेल.

आता त₁ आणि त₂ इथल्या स्पर्शिका. एक समीकरण दुसऱ्यातून वजा केलं की (त₁ − त₂) दोन्ही बाजूंनी निघून जातो (बिंदू वेगळे आहेत, तेव्हा भागायला हरकत नाही) आणि छेदनबिंदू मिळतो:

प = अ·त₁·त₂, फ = अ(त₁ + त₂)

सगळी गंमत इथे आहे. एकात नुसता गुणाकार, दुसऱ्यात नुसती बेरीज. पुष्कळ मुलं इथून वर्गसमीकरण मांडून त₁ आणि त₂ वेगवेगळे काढायला जातात आणि वर्गमुळांच्या जंगलात शिरतात. कशाला? अटच बेरीज-गुणाकाराच्या भाषेत लिहायची.

स्पर्शिका परस्परांना लंब असतील तर चढांचा गुणाकार −१, म्हणून त₁·त₂ = −१, म्हणजे प = −अ; (प, फ) च्या जागी (क्ष, य) लिहिलं की क्ष = −अ. ही तर अन्वस्ताची नियामिका (डिरेक्ट्रिक्स). एका ओळीत संपलं.

४५ अंशांचा कोन दिला तर जरा काम आहे. अट येते

(त₁ − त₂)/(१ + त₁·त₂) = ±१

वजाबाकी आपल्याकडे नाही, पण तिचा वर्ग आहे: बेरजेचा वर्ग वजा चार गुणाकार. वर्ग करून प, फ घाला: फ² − ४अ·प = (अ + प)². आवरून

(क्ष + ३अ)² − य² = ८अ²

हा अपास्त (हायपरबोला). वर्ग केल्यामुळे नको ते बिंदू घुसले का, हे विचारायलाच हवं. इथे नाही, कारण ± आधीपासून होता. मात्र दोन शाखांचा अर्थ वेगळा: अन्वस्त ज्या कोनात बसतो तो डाव्या शाखेवर ४५ अंश, उजवीवर १३५. प्रश्नात 'लघुकोन' एवढंच असेल तर दोन्ही शाखा ठेवा.

पथातून बिंदू गळतातही. याच स्पर्शिकेचे अक्षांवरचे छेद (−अ·त², ०) आणि (०, अ·त); त्यांच्या मध्यबिंदूचा पथ य² = −अ·क्ष/२. पण त = ० असताना स्पर्शिका म्हणजे खुद्द य-अक्षच, मग मध्यबिंदू कसला? आरंभबिंदू वगळायचा. लंबवर्तुळात (क्ष²/अ² + य²/ब² = १) उलटं होतं. लंब स्पर्शिकांचा पथ चढ वापरून काढला की क्ष² + य² = अ² + ब² येतो, पण उभ्या स्पर्शिकेला चढच नसल्यामुळे (±अ, ±ब) हे चार कोपरे त्या रीतीत निसटतात. ते वर्तुळावर आहेत, फक्त वेगळे तपासावे लागतात.

उत्तर लिहून झालं की एक सोपी जोडी घालून बघा. वरच्या अपास्तासाठी त₁ = ०, त₂ = १ घ्या: एक स्पर्शिका उभी, दुसरीचा चढ १, कोन ४५ अंश. छेदनबिंदू (०, अ), आणि ९अ² − अ² = ८अ².