संरक्षण खर्च आणि अर्थव्यवस्था: निबंधात या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांचे निबंध तपासताना हा विषय आला की मला पुढचं पान न उलटता कळतं काय येणार. संरक्षण खर्च वाढवा, कारखाने चालतील, रोजगार येईल, देशाचा दबदबा वाढेल, संपलं. मुलं हुशार आहेत, पण सगळ्यांनी त्याच तयार नोट्स वाचलेल्या असतात आणि मूळ आकडा बघायला कुणाला वेळ नसतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "दुसऱ्या महायुद्धाने अमेरिकेची मंदी संपवली, म्हणजे लष्करी खर्च हा मंदीवर उपाय आहे". यातला पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे, म्हणूनच तो घातक आहे. १९४० ला अमेरिकेत बेकारी १४.६ टक्के होती, १९४४ ला १.२ टक्के. एका मॉक इंटरव्ह्यूला मी पॅनलवर होतो, एका मुलाने हे दोन्ही आकडे अगदी बिनचूक सांगितले आणि पुढे म्हणाला की म्हणून भारतानेही संरक्षण बजेट दुप्पट करावं. पॅनलवरचे एक निवृत्त प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "बाळा, १९४३ ला तुला डेट्रॉइटमध्ये नवी गाडी घ्यायची असती तर कुठे गेला असतास?" मुलगा गप्प. कारण अमेरिकेच्या या मोटारनगरीतही गाडी मिळालीच नसती, फेब्रुवारी १९४२ मध्ये सामान्य लोकांसाठी गाड्या बनवणं बंद झालं होतं, त्याच कारखान्यांतून रणगाडे आणि विमानांची इंजिनं निघत होती, साखर आणि पेट्रोल रेशनवर होतं. बेकारी घटली त्यात गणवेश चढवलेल्या लोकांचाही वाटा होता, शेवटी शेवटी तो आकडा सव्वा कोटीच्या जवळ गेला होता. पगार वाढले पण खर्च करायला वस्तू नव्हत्या, म्हणून लोकांनी वॉर बॉंड, म्हणजे युद्धासाठी सरकारला कर्ज देणारे रोखे, घेतले. सरांनी मग दुसरा प्रश्न टाकला, युद्ध संपल्यावर हा खर्च एकदम कोसळला, मग मंदी परत का नाही आली? १९४६ ला बेकारी ४ टक्क्यांच्या आसपासच होती, आणि तेव्हाचे भलेभले अर्थतज्ज्ञ मोठ्या बेकारीचा इशारा देत होते. मुलाकडे उत्तर नव्हतं, कारण नोट्समध्ये १९४५ नंतरचं पानच नव्हतं.

माझी सवय सांगतो. असं कुठलंही उदाहरण आलं की मी समासात तीन प्रश्न लिहितो: तेव्हा कारखाने आणि माणसं रिकामी होती का, पैसा कुठून आला, माल शेवटी कुठे गेला. १९४० च्या अमेरिकेत रिकामी क्षमता होती. २०२४ च्या रशियात नव्हती, माणसंच कमी पडत होती, त्यामुळे लष्करी ऑर्डरींनी वाढ दिसली पण महागाईही आली आणि ऑक्टोबर २०२४ ला तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर २१ टक्क्यांवर नेला. हे तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटं लागतात, पण घाई असलेल्याला तीही जड वाटतात.

"हिटलरने बेकारी संपवली" असं लिहिणाऱ्यांनी मेफो बिलं काय होती ते आधी वाचा, शस्त्रखरेदीचं कर्ज हिशोबाबाहेर ठेवायची सोय होती ती, आणि ती उभी करणाऱ्या शाख्तलाच, म्हणजे जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या (राइशबँकेच्या) अध्यक्षालाच, जानेवारी १९३९ मध्ये खर्च आवरा असं सांगितल्यावर तिथून काढलं.

भारताचं पूर्ण संरक्षण बजेट उचलून त्याला मल्टिप्लायर (सरकारने खर्चलेल्या एका रुपयामागे अर्थव्यवस्थेत किती रुपयांची भर पडते तो गुणक) लावू नका. २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटींत जवळपास १.६१ लाख कोटी पेन्शन आहे, भांडवली खर्च, म्हणजे शस्त्रं-विमानं वगैरे खरेदीचा, १.८० लाख कोटी. आणि बाहेरून घेतलेल्या विमानाचा रोजगार बाहेरच तयार होतो, नाशिकजवळ ओझरला जुळणी झालेल्या सुखोई विमानाचा हिशोब वेगळा.

दुसरी चूक, आणि हिच्यावर माझा जास्त राग आहे: आंतरराष्ट्रीय राजकारण शेवटच्या परिच्छेदात वेगळं चिकटवायचं. अरे, ते तर याच खर्चातून उगवतं! ओहायो राज्यातल्या लिमा गावचा रणगाडा कारखाना घ्या, अमेरिकेचा अब्राम्स रणगाडा तिथे बनतो. २०१२ ला खुद्द अमेरिकन लष्करप्रमुख ओडिएर्नो काँग्रेसला सांगत होते की आत्ता आम्हाला या कामाची गरज नाही, तरी काँग्रेसने पैसे दिलेच, कारण कुशल वेल्डर एकदा गेले की परत मिळत नाहीत आणि सुटे भाग पुरवणारे अनेक राज्यांत पसरलेले, म्हणजे तितके मतदारसंघ. ही लाइन चालू राहायला परदेशी ऑर्डरीही लागतात, सौदीच्या, इजिप्तच्या. इजिप्तला अमेरिका वर्षाला १३० कोटी डॉलर लष्करी मदत देते आणि त्यातला बहुतेक पैसा अमेरिकन कंपन्यांकडेच परत येतो. २०१३ ला तिथे सैन्याने सत्ता घेतली तेव्हा ओबामांनी रणगाड्यांचे सुटे संच थांबवले, मार्च २०१५ ला पुन्हा सोडले. इजिप्तच्या सिनाई भागातला दहशतवाद हे त्यामागचं मोठं कारण होतं, ते गाळू नका, पण कैरोतल्या सत्तापालटाचा धागा ओहायोतल्या शिफ्टपर्यंत जातो हे तुमच्या निबंधात दिसलंच पाहिजे.

युरोपवर लिहिताना हाच धागा धरा. जून २०२५ ला हेगमध्ये नाटोने २०३५ पर्यंत संरक्षणावर जीडीपीच्या ५ टक्के खर्चाचं लक्ष्य ठरवलं, हे सगळे लिहितात. पण युरोपियन युनियनच्या शस्त्रखरेदीसाठीच्या १५,००० कोटी युरोंच्या 'सेफ' नावाच्या कर्ज योजनेत बाहेरच्या देशांतल्या भागांचा खर्च सर्वसाधारणपणे ३५ टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी अट आहे, ती कुणीच लिहीत नाही. ५ टक्क्यांसाठी दबाव वॉशिंग्टनचा, आणि ऑर्डरी मात्र शक्यतो युरोपातच राहाव्यात ही ब्रुसेल्सची, म्हणजे युरोपियन युनियनची धडपड. उत्तराची सुरुवात इथून करा.