अ‍ॅडव्होकेट म्हणजे फक्त वकील नाही हां

म्हापशात, मडगावात कोर्टाजवळ पाट्या बघून बघून अ‍ॅडव्होकेट म्हटलं की आपल्याला काळा कोटच दिसतो, पण इंग्रजीत ते क्रियापदही आहे, अर्थ एखाद्या विचाराची उघडपणे बाजू घेणं, त्याचा पुरस्कार करणं. उच्चार बदलतो बरं का, वकील असेल तर शेवट 'कट'सारखा आखूड आणि क्रियापद असेल तर 'केट' लांब.

उदाहरण आपल्या गोव्याचंच घ्या, 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्षाने गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाची बाजू लावून धरली होती, ते इंग्रजीत 'मगो अ‍ॅडव्होकेटेड मर्जर'. मध्ये 'फॉर' नाही, इथेच बहुतेक जण घसरतात. विचार किंवा धोरण असेल तर सरळ पुढे ते लिहायचं, माणसांच्या वतीने बोलायचं असेल, म्हणजे रुग्ण वगैरे, तर 'फॉर' चालतं. आणि पुढे क्रिया आली तर 'अ‍ॅडव्होकेट बॅनिंग प्लास्टिक' असं, 'टू बॅन' नको.

नुसता मनातून पाठिंबा असेल, तोंड उघडलं नसेल, तर आपलं साधं 'सपोर्ट' बरं. मित्राला पैशाची मदत केली तिथेही 'अ‍ॅडव्होकेट' घालू नका, विचित्रच वाटतं.